आधी भोक शोध, उंदीर नंतर

पत्र असं आहे: काकू, आमचा डोंबिवलीत पहिल्या मजल्यावर वन बीएचके आहे, बिल्डिंग जुनी, खाली किराणा दुकान आणि बाजूला वडापावची गाडी. गणपतीपासून घरात उंदीर झालेत. रात्री दोनला किचनमध्ये खुडबुड सुरू होते, वॉशिंग मशीनची वायर कुरतडली, चणाडाळीची पिशवी फोडली. मिस्टरांनी दुकानातून उंदराचे केक आणून माळ्यावर टाकले, आता माळ्यावरून घाण वास येतोय. पेस्ट कंट्रोलवाल्यांचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट घेतलंय, ते येतात, चिकट पॅड ठेवतात आणि जातात. सासूबाई म्हणतात बाप्पाचं वाहन आहे, मारायचं नाही, आपोआप जातील. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, मला त्याची भीती वाटते. एकदा लांब नाकाचं काहीतरी चूंचूं करत भिंतीच्या कडेने पळताना पण दिसलं. घरात रोज यावरून भांडण. काय करू?

अगं, बाकीचं नंतर वाच, आधी माळ्यावरचे उरलेले केक काढ. हातात प्लॅस्टिकची पिशवी उलटी घालून उचल आणि मिस्टरांना विचार की मोजून किती टाकले होते. आठ टाकले आणि पाच मिळाले तर तीन उंदरांनी खाल्लेच असं समजू नकोस, उंदीर खाऊ उचलून नेऊन ठेवतो, कपाटामागे, सोफ्याखाली, खेळण्यांच्या बास्केटमागे कुठेही, आणि तुझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, त्याला तो निळा-हिरवा तुकडा चॉकलेटसारखा दिसणार. त्याने कधी तोंडात घातलाच तर उलटी काढायला जाऊ नकोस, रिकामं पाकीट बरोबर घे आणि थेट हॉस्पिटल गाठ, दिसायला ठणठणीत असला तरी. या केकमध्ये बहुतेक ब्रोमॅडिओलोन असतं, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, त्याचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो म्हणून लोक गाफील राहतात. त्याला व्हिटॅमिन के हा उतारा आहे, फक्त वेळेत जायला हवं. पाकीट म्हणूनच जपून ठेवायचं, म्हणजे डॉक्टरांना आत काय आहे ते लगेच कळतं.

आता वासाचं. दुकानदाराने मिस्टरांना सांगितलं असणारच की हा केक खाल्ला की उंदराला तहान लागते, तो पाणी प्यायला बाहेर जातो आणि बाहेरच मरतो, वास येत नाही. हे मी गेली तीस वर्षं ऐकतेय आणि ते साफ खोटं आहे. केक खाल्ल्यावर उंदीर चार-सहा दिवसांनी मरतो आणि आजारी पडला की कोणीही जातं तिथेच जातो, आपल्या घरट्यात. घरटं तुझ्या माळ्यावर आहे. लहान उंदीर असेल तर आठ-दहा दिवसांत वास विरेल, मोठा असेल तर दोन-तीन आठवडे धर. रूम फ्रेशनर मारू नकोस, त्याने मोगऱ्याच्या वासात मेलेला उंदीर एवढाच फरक पडतो. दुपारी माळ्यावर टॉर्च मार आणि माशा कुठे घोंगावतायत ते बघ, जुन्या गाद्या, दिवाळीच्या कंदिलाचा खोका, मुलाच्या पाळण्याचं सामान, तिथेच कुठेतरी असेल.

सापडला की हाताने धरू नको हं. माझी आजी साताऱ्याकडची, ती लहान असताना प्लेगच्या साथी यायच्या, तिला जिवंत उंदराचं काही वाटायचं नाही पण मेलेला दिसला की ती अंगणात जायची आणि आत यायलाच तयार नसायची. त्यांच्याकडे म्हणायचेच, 'गावात उंदीर पडले', की लोक घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचे. तेव्हा मला ते खुळचट वाटायचं, नंतर कळलं की उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा थंड झालेलं शरीर सोडून दुसरं गरम अंग शोधतात, आजीचं बरोबर होतं. आता प्लेगची भीती नाही पण सवय चांगली आहे. ग्लोव्हज घाल, मेलेल्यावर आणि लेंड्यांवर एक भाग ब्लीच दहा भाग पाणी असं शिंपड, दहा मिनिटं थांब, मग कागदाने उचल, दोन पिशव्यांत बांध आणि बाहेर. लेंड्या कोरड्या झाडूने कधीच झाडायच्या नाहीत, धूळ नाकात जाते. आणि पावसाळ्यात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, असतोच, २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत काय झालं ते तुझ्या सासूबाईंना आठवत असेल. उंदराच्या मुतातून तो पाण्यात जातो आणि पायाला जखम असेल तर तिथून आपल्या अंगात. घरात कोणाला ताप आला, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल झालेत, तर डॉक्टरांना घरात उंदीर आहेत हे आपणहून सांग, ते विचारायची वाट बघू नकोस.

हे झालं तातडीचं. आता खरं बोलू.

तुमच्या घरात तीन पार्ट्या आहेत, मिस्टर मारा म्हणतायत, सासूबाई मारू नका म्हणतायत, पेस्ट कंट्रोलवाले दर महिन्याला येऊन पॅड ठेवतायत, आणि या तिघांपैकी एकानेही उंदीर येतो कुठून हे बघितलेलं नाही. तुझ्या अख्ख्या पत्रात भोक हा शब्द नाही! उंदीर काय घरात उगवतात का? खाली किराणा आहे, बाजूला वडापावची गाडी आहे, तुम्ही आज चार मारले तर पुढच्या आठवड्यात त्याच वाटेने दुसरे चार येणार. घरातल्या लहान उंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः आईबाप व्हायला तयार. मारण्याच्या शर्यतीत आपण जिंकत नाही.

मी हे शहाणपण आईच्या पोटातून शिकून आले नाही. ठाण्याच्या घरात आलो तेव्हा सहा महिने मी रोज रात्री पिंजरा लावायचे आणि रोज सकाळी मोठ्या कौतुकाने मोजायचे, अकरा धरले होते, शेजारणीला सांगायचे पण. मग एक दिवस सिंक गळायला लागलं म्हणून प्लंबर बोलावला. त्याने सिंकखालचं दार उघडलं, आमचा फिनेलचा डबा, जुने पेपर, बटाट्याची टोपली सगळं बाहेर काढलं, आडवा झाला आणि भिंतीतून एक कळकट फडकं ओढून काढलं, ते यायचं थांबेचना, लांबच लांब, बहुतेक आधीच्या मालकांचा लेंगा होता. फडकं निघालं तर मागे हे एवढं भोक, त्याची मूठ आत गेली. सिंकचा पाईप दीड इंचाचा आणि बिल्डरने भोक पाडलेलं चार इंचाचं, उरलेल्या जागेत लेंगा. लेंग्याच्या मधोमध व्यवस्थित गोल कुरतडलेला बोगदा. प्लंबर म्हणाला, काकू, तुम्ही दार उघडं ठेवून पाहुणे मोजताय. त्याने सिमेंट लावलं त्या रात्रीपासून आमच्याकडे शांतता आहे. आत राहिलेला एक मात्र चार दिवस वेड्यासारखा फिरत होता, तो चापात सापडला.

तेव्हा तू पण तिथूनच सुरुवात कर, सिंकखाली. ती जी प्लॅस्टिकची सुरकुत्यांची वेस्ट पाईप असते ती खालच्या पाईपात नुसती खुपसलेली असते, बाजूने मोकळी फट. मग मोरी आणि बाथरूम, नहाणी ट्रॅपची जाळी सैल आहे का बघ, नुसती ठेवलेली असेल तर मोठा उंदीर ती डोक्याने उचलतो. वॉशिंग मशीनचा आउटलेट. गॅसच्या पाईपचं भोक, एसीच्या पाईपचं भोक, केबलवाल्याने आणि इंटरनेटवाल्याने पाडलेली भोकं, हे लोक भोक पाडतात बोटाएवढं आणि बुजवायचं नाव नाही. एक्झॉस्ट फॅन. स्लायडिंग खिडकीचा खालचा कोपरा. आणि मेन डोअरच्या खालची फट, जिच्याकडे कोणी बघत नाही कारण समोर चपलांचा स्टँड असतो. माप सोपं आहे, मुलाची पेन्सिल घे, ती जिथून आत सरकते तिथून लहान उंदीर येऊ शकतो, त्याचं डोकं गेलं की बाकीचं अंग तो ओढून घेतो. मोठ्याला बोटभर फट लागते. आणि पहिला मजला वगैरे काही नसतं गं, काळा उंदीर डक्टमधल्या पाईपवरून सरसर चढतो, केबलवरून चालत येतो. रात्री किचनचा लाईट बंद करून मिस्टरांना डक्टच्या बाजूने टॉर्च मारायला सांग, आत जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे खडूने खूण कर. भिंतीच्या कडेला काळपट तेलकट पट्टा दिसला तर तोही बघ, रोज त्याच वाटेने अंग घासत गेल्याचा तो डाग असतो.

तरीही वाट कळली नाही तर रांगोळी. झोपायच्या आधी बारीक चाळलेली रांगोळी सिंकखाली, फ्रीजमागे, माळ्याच्या शिडीपाशी, दाराशी पातळ पसरायची. पीठ नको, पीठ म्हणजे त्याला ताट वाढल्यासारखं. सकाळी मुलगा उठायच्या आत बघायचं, पावलं कुठून कुठे गेलीत ते रांगोळीत स्वच्छ उमटतं, मधे शेपटीची रेघ पण दिसते. दोन रात्रीत नकाशा तयार.

बुजवायला फडकं, कागद, थर्माकोल, तो फसफसणारा फोम, यातलं काहीही चालत नाही, उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्याला काहीतरी कुरतडायलाच लागतं, फोम तर त्याला बिस्किट. सिमेंटच पाहिजे, आमच्याकडचे जुने गवंडी त्यात काचेचा चुरा घालतात, घालायला सांग. लहान फटीत भांडी घासायची तारेची घासणी घट्ट कोंबून वरून एम-सील. खिडकीला आणि एक्झॉस्टला मच्छरची नायलॉन जाळी असेल तर ती डासांसाठीच, उंदरासाठी पाव इंचाची वेल्डमेश, म्हणजे लोखंडी तारेची जाळी, हार्डवेअरवाल्याकडून कापून आण. दाराखाली ॲल्युमिनियमची पट्टी, नुसतं रबर नको. गवंडी एका दिवसात हे सगळं करतो, आणि तुमच्या वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टशी खर्चाची तुलना करून बघ, मी काही बोलत नाही. पेस्ट कंट्रोलवाले पुढच्या वेळी आले की पॅड हातातून घेऊन आधी एवढंच विचार, दादा, भोकं कुठली कुठली आहेत ते दाखवा. दाखवता आलं तर चांगले आहेत, ठेव. नाही आलं तर रिन्यू करू नको.

त्या चिकट पॅडबद्दल माझं मत वाईट आहे. उंदीर त्यावर मरत नाही, तासन् तास ओरडतो, पायाची कातडी सोलवटून घेतो, आणि सकाळी जिवंत उंदीर चिकटलेला पुठ्ठा कोणी उचलायचा यावरून तुमचं दुसरं भांडण. पाल चिकटते, आमच्या खालच्यांकडे चिमणी चिकटली होती, लहान मुलाचा हात चिकटतो. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचाही त्याला विरोध आहे. फेकून दे.

बरं, भोकं बुजवली तरी आत अडकलेले उरतातच, त्यांना काढायला हवं, नाहीतर ते बाहेर जायला नवीन भोक पाडतील. म्हणून बुजवायचं आणि सापळे लावायचं एकाच आठवड्यात. तुला चालत असेल तर स्प्रिंगचा लाकडी चाप सगळ्यात बरा, क्षणात संपतं. पण लोक एकच चाप आणतात आणि किचनच्या मधोमध ठेवतात, जसं काही उंदीर पाट मांडून जेवायला बसणार आहे. उंदीर मिशा भिंतीला लावून कडेकडेने चालतो, चाप भिंतीला काटकोनात, खाऊची बाजू भिंतीकडे. लहान उंदीर घरट्यापासून फार लांब जात नाही, म्हणून पाच-सहा चाप, पाच-सहा फुटांवर एकेक. मोठा उंदीर संशयी असतो, नवी वस्तू दिसली की दोन-तीन दिवस तिच्या वाऱ्याला उभा राहत नाही, त्याच्यासाठी चाप न लावता नुसता खाऊ ठेवून दे, खायला लागला की चौथ्या रात्री लाव. खाऊ म्हणजे चीज वगैरे कार्टूनमध्ये. सुकं खोबरं गॅसवर जाळून त्याचा तुकडा, तूप लावलेली पोळी, किंवा खालच्या गाडीवरचं भजं, त्याच्यावरच तर तो वाढलाय. सुकट खात असाल तर बोंबलाचं डोकं, त्याला तोड नाही. तुकडा दोऱ्याने बांध, नाहीतर अलगद घेऊन जातो. आणि मुलगा घरात फिरत असताना चाप खाली नको, तो झोपल्यावर लावायचे, सकाळी पहिलं काम उचलायचे.

सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नकोस, आपल्याकडे जुन्या बायका त्याचं नावसुद्धा घेत नाहीत, मामा म्हणतात, नाव घेतलं की कपडे कुरतडतो म्हणे. त्यांना एवढंच सांग की बाप्पा उंदरावर बसतो, त्याला डोक्यावर बसवत नाही. आणि खरं सांगायचं तर तुमच्या घरात सगळ्यांना पटेल असं एकच काम आहे, भोकं बुजवणं, त्यात कोणी मरत नाही. आतल्यांसाठी त्यांना पिंजराच हवा असेल तर पिंजरा लाव, माझी हरकत नाही, पण रात्री एकदा आणि सकाळी एकदा बघायचाच, आत अडकून उपाशी मारायचं असेल तर मग चाप काय वाईट होता. सोडायचा कुठे हे पण आधी ठरवा. समोरच्या गटारापाशी सोडलात तर तो तुमच्या आधी घरी पोचेल, आणि लांब नेऊन अनोळखी जागी सोडला तर बहुतेक वेळा तो जगत नाही, हे सासूबाईंना सांगायचं की नाही ते तू ठरव.

बाजारात अजून काय काय मिळतं त्याची यादी करत बसत नाही. प्लगमध्ये लावायचं आवाजाचं मशीन घेऊ नका, उंदरांना त्याची सवय होते, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच असल्या कंपन्यांना पुराव्याशिवाय दावे करू नका म्हणून पत्रं पाठवली होती, आपल्याकडे ते अजून जोरात विकलं जातंय. डांबराच्या गोळ्या, पुदिन्याचं तेल, दोन दिवसांचा खेळ. मांजर पाळायची असेल तर मांजर हवी म्हणून पाळ, उंदरांसाठी नको, पोट भरलेली मांजर आमच्या चाळीत उंदराशेजारी झोपायची. पण दोन गोष्टी मात्र घरात येऊच देऊ नकोस, मिस्टरांना आत्ताच वाचून दाखव. एक, टूथपेस्टसारख्या ट्यूबमध्ये मिळणारी उंदराची पेस्ट, तिच्यात पिवळा फॉस्फरस असतो, त्याला उताराच नाही, पोटात गेली की माणूस एक-दोन दिवस बरा वाटतो आणि मग लिव्हर जातं. दुसरी, धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या, हवेतल्या ओलाव्यानेच त्यातून विषारी गॅस निघतो, बंद खोलीत त्याने झोपेत माणसं गेलेली आहेत. कोणी कितीही सांगो, नाही म्हणजे नाही.

राहिलं बाहेरचं. रात्री ओला कचरा घरात झाकणाच्या डब्यात, जिन्यात नाही. डाळी-तांदूळ पिशवीतून काढून स्टीलच्या डब्यात. सिंकमध्ये खरकटी भांडी ठेवून झोपू नको, हे मी सांगायचं आणि तू ऐकायचं, मला माहितीये दिवसभर ऑफिस करून काय होतं ते, निदान पाणी ओतून झाकण तरी ठेव. सोसायटीच्या मीटिंगला मिस्टरांना पाठव आणि ड्रेनेज चेंबरची फुटलेली झाकणं, डक्टमधला कचरा आणि ग्रिलमध्ये कबुतरांना दाणे टाकणारे, हे तीन विषय काढायला सांग. तिसऱ्यावर भांडण होईल, होऊ दे. मुंबईत पालिकेची रात्री फिरून उंदीर मारणारी माणसं असतात, तुमच्याकडे काय सोय आहे ते वॉर्ड ऑफिसला विचारायला लाव, सेक्रेटरीच्या लेटरहेडवर अर्ज दिलेला बरा.

वॉशिंग मशीनची वायर टेप लावून चालवू नकोस, बदलून घे. आणि जो वायर खातो तो गॅसची नळी पण खातो, आजच्या आज शेगडीमागे हात घालून नळी चाचपून बघ, साधी रबरी असेल तर आत स्टीलच्या तारा असलेली नारंगी सुरक्षा होज बसवून घे, ती पण पाच वर्षांनी बदलायची असते, वर तारीख छापलेली असते.

आणि ते लांब नाकाचं चूंचूं करणारं. ती बहुतेक चिचुंद्री आहे गं, उंदराच्या जातीची नाहीच, ती तुझ्या डाळीला तोंड लावणार नाही, झुरळं आणि किडे खायला येते, फक्त वास फार मारते. तिला मारू नका, दार उघडून केरसुणीने बाहेर घालवली की जाते. खात्री करायची असेल तर रांगोळीत नीट बघ, पुढच्या पायाची बोटं चार उमटली तर उंदीर, पाच उमटली तर चिचुंद्री. फोटो काढून पाठव, मी सांगते.